कूस दाखवायची नाही

सरावलीच्या चाळीत दर्पणएवढा मोठा आरमारवाला दुसरा नव्हता. आठवडाभर तो कारखान्यात व्हॉल्व्ह फिरवायचा आणि रविवारी मोबाइलवर युद्धनौका हाकायचा. त्याची युद्धनीती त्याला ओवीसारखी पाठ होती: नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वैऱ्यासमोर, बाजूची कूस दाखवायची नाही; बेटाचा आडोसा सोडायचा नाही; आणि जो साथीदार एकटा उघड्यावर सापडला, तो गेला असं समजायचं. ह्याच नीतीवर त्याची टोळी फायनलला पोचली होती. रविवारी सकाळी लढाई, संध्याकाळी त्याच्या उन्नतीचे बाबा सोयरिकीसाठी घर बघायला येणार. दोन्ही गड एका दिवसात घेतो, असं त्यानं छाती फुगवून सांगितलं होतं.

पण उन्नतीचे बाबा, महादू तांडेल, मासेमारी बोटीचे कप्तान; ते घड्याळावर चालत नाहीत, भरतीवर चालतात. पाणी भरलं, बोट किनाऱ्याला लागली, मासळी उतरली, आणि लढाई ऐन भरात असताना तारापूरचे तांडेल लेकीसह सरावलीत दारात उभे!

दर्पणच्या आईनं, पुष्पलतानं, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि डोळ्यांनी लेकाला भाजून काढलं. मोबाइल ठेवावा तर टोळी बुडते, हातात धरावा तर सोयरीक. उन्नतीनं आदल्याच दिवशी बजावलं होतं, की बाबा पगार विचारत नाहीत, माणूस बघतात. आणि ते नाही म्हणाले तर ती त्यांचा शब्द मोडणार नाही.

"काय करतोस?" तांडेलांनी विचारलं.

"बोट चालवतोय, काका," दर्पण कसाबसा म्हणाला.

तांडेल खाटेवर त्याच्या खांद्याशी येऊन बसले. जाळी दिसत नाय, म्हणाले. दर्पणनं सांगितलं, लढाईची बोट आहे, म्हणून नाळ समोर धरायची, कूस द्यायची नाही. तांडेलांची मान डोलली. लाटेला कूस दिली का बोट उलटलीच, पोराला समजतं म्हणायचं. उन्नतीच्या गालावर पहाट उगवली. दर्पणच्या काळजात भरती आली.

तेवढ्यात उघड्या समुद्रात जितेशची बोट थांबली. हलेना, बोलेना. चहूकडून तोफगोळे पडू लागले.

"ती कुनाची?"

"माझ्या दोस्ताची. बेटेगावचा जितेश हाय तो."

"हलत नाय ती."

"बंद पडली असेल, काका."

"मग तू डोंगराआड काय करतोस?"

तव्यावर सरंगा मासा चुरचुरत होता. किनाऱ्यावर सात पिढ्यांचं वैर असलं, तरी इंजिन बंद पडलेल्या बोटीकडं पाठ करत नाहीत. जाळं सोडून जातात, दोर टाकतात. दर्पणनं समजावून पाहिलं, की हे आमिष असतं, गेलो तर दोघं बुडू, फायनल जाईल. पुष्पलतानं दिलेला चहाचा कप तांडेलांनी तसाच भरलेला खाली ठेवला. उन्नती पायाच्या अंगठ्याकडं बघू लागली.

दर्पणनं सुकाणू वळवलं. बेट सुटलं, आडवी कूस उघडी पडली, आणि साऱ्या वैऱ्यांच्या तोफा लग्नातल्या ताशासारख्या एकदम वाजल्या. कानातल्या हेडफोनात टोळीनं हिंदीतून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. जळत, लंगडत तो जितेशच्या बाजूला लागला.

"दोर टाक," तांडेल पुढं झुकले.

खेळात तोफेचं बटण होतं, धुराचं होतं, दोराचं नव्हतं. दर्पणनं अंगठ्यानं धूर सोडला. दोन्ही बोटी त्या धुरात हळूहळू, शेजारी शेजारी, बुडाल्या.

तांडेलांनी कप उचलला. गार झालेला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

"बुडाला, पन दोस्ताकडं गेला," ते पुष्पलताला म्हणाले. "तारीख काढा, ताई."

दर्पणचे डोळे भरून आले, तोच जितेशचा फोन आला. सॉरी म्हणाला, गॅसचा सिलिंडर आला होता, दार उघडायला गेलो होतो.

"काय झालतं रं त्याच्या बोटीला?" तांडेलांनी विचारलं.

दर्पणनं फोन कानाशी घट्ट दाबला. "पंख्यात जाळं अडकलं होतं, काका."

"बिचारा," तांडेल हळहळले आणि त्यांनी राठ तळहात पुढं केला. "दे फोन. कुठल्या अंगानं अडकलं ते विचारतो."

पलीकडं जितेश अजून सांगतच होता, की नवा सिलिंडरही गळतोय.