वाघचौरे आणि त्यांच्या तीन गिटारी

वाघचौरेंच्या घराची बेल कुणी थेट वाजवत नसे. आधी दाराशी कान देऊन उभं राहायचं, आत कुठली गिटार चालू आहे ते ऐकायचं, आणि मग आपलं काम आज काढायचं की उद्यावर ढकलायचं ते ठरवायचं. इंदिरानगरातल्या आमच्या रो-हाउसच्या ओळीत दूधवाल्यापासून सगळ्यांना हे ठाऊक होतं.

वाघचौरे माझे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. आठवडाभर सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर, आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटारवाले. नव्वद-ब्याण्णवचा तो काळ, तेव्हा जरा बऱ्या घरच्या लग्नात ऑर्केस्ट्रा लागायचाच. त्यांच्याकडे तीन इलेक्ट्रिक गिटारी होत्या. एक हवाईयन, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची. दुसरी स्पॅनिश, गळ्यात अडकवून उभ्याने वाजवायची. तिसरी बेस, चार जाड तारांची, नुसतं घुमणारी. गिटार बदलली की वाजवण्याची तऱ्हा बदलणारच. वाघचौरेंच्या बाबतीत माणूसही बदलायचा, एवढंच.

हवाईयन मांडीवर असली की ते अदबीचे होत. "अहो या, बसा, चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही." शेजारच्या शाळकरी पोरालासुद्धा अहोजाहो. स्पॅनिश गळ्यात आली की तेच गृहस्थ विशीतले होत. मला, त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या माणसाला, "अरे, घे ना लेका" म्हणून शिडी देऊन टाकत, आणि वर हातोडीही. बेस हातात असली की मात्र बोलणं बंद. हो असेल तर मान खाली, नाही असेल तर मान आडवी. पण एकदा मान हलली की तो शब्द पक्का.

सुमनवहिनींनी सगळा संसार या हिशेबाने लावून घेतला होता. माहेरी जायचा विषय हवाईयनवर. पाण्याची टाकी, गॅसचा नंबर, नळाची गळती बेसवर. स्पॅनिश चालू असताना काही मागायचंच नाही, कारण मिळतं सगळं आणि टिकत काही नाही. त्यांची एकुलती एक मुलगी स्वाती. तिने कॉलेजच्या सहलीची परवानगी स्पॅनिशवर मिळवली. "जा की, विचारतेस काय!" संध्याकाळी बेसवर ती रद्द झाली. पोरगी वस्ताद, तिसऱ्या दिवशी हवाईयनची वाट बघून तिने बेसचा तो पक्का शब्दही फिरवून घेतला.

अवघड प्रश्न आला की वाघचौरे हातातली गिटार खाली ठेवत आणि म्हणत, "थांबा, बदलतो." मग दुसरी घेऊन उत्तर देत. कारखान्यात गिटार नेता येत नसे, तिथे ते अवघड प्रश्नांचं काय करत, देव जाणे.

स्टेजवर मात्र या बदलण्याचीच त्यांची ख्याती होती. एकाच गाण्यात कडवं हवाईयनवर आणि मधला तुकडा स्पॅनिशवर, आणि ठेका कुठे हलायचा नाही. फसले ते एकदाच. सटाण्याला एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडचं लग्न होतं. लाइट गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत अंधारात यांनी गिटार बदलली ती नेमकी उलटी. उजेड आला तेव्हा नाचाच्या गाण्यावर हवाईयन संथपणे विव्हळत होती आणि पोरं हात वर करून तशीच उभी. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी शांतपणे विचारलं, "हाई जेवणनं गाणं शे का?" आणि निम्मा मांडव पंगतीकडे वळला.

पुढे स्वातीचं लग्न ठरलं, तेही सटाण्याकडेच. तोवर ऑर्केस्ट्रे मागे पडून डीजे आले होते आणि वाघचौरे घरीच वाजवत. लग्नाला महिना असताना स्वाती आमच्याकडे आली. म्हणाली, "काका, त्या दिवशी बाबांच्या हातात कुठलीच गिटार नको. मला नुसते बाबा पाहिजेत. पण नुसते बाबा कसे असतात ते मलाच नीट माहीत नाही."

मी आपला "होईल गं सगळं नीट" म्हणालो. पण काळजी मलाही वाटायला लागली. मुलीचा बाप होण्यासाठी यांच्याकडे चौथी गिटार नव्हती.

वाघचौरेंनी मुलीचं ऐकलं. तिन्ही गिटारी खोळीत घालून माळ्यावर टाकल्या आणि सराव सुरू केला. रोज संध्याकाळी हात मागे बांधून कॉलनीत फिरत. एका वाक्यात मला अहो म्हणत, दुसऱ्यात अरे, आणि तिसरं वाक्य येतच नसे. एकदा व्याह्यांचा फोन आला, मुहूर्त सकाळचा चालेल ना म्हणून. वाघचौरे सवयीने म्हणाले, "थांबा, बदलतो." मुलीकडचे तारीखच बदलायला निघाले असं व्याह्यांना वाटलं. वहिनींनी रिसीव्हर ओढून घेतला आणि सारवासारव केली.

लग्नाच्या दिवशी मात्र मी बघतच राहिलो. फेटा बांधून वाघचौरे दारात उभे होते. पाहुण्यांची विचारपूस केली, जावयाचे पाय धुतले, कन्यादान केलं, पंगतीत आग्रह केला. डीजेच्या स्टेजकडे ढुंकून पाहिलं नाही. मंगलाष्टकांना माइक शिट्टी मारायला लागला तेव्हा त्यांची मान त्या बाजूला वळू लागली होती, पण त्यांनी ती परत आणली. वहिनी माझ्याकडे बघून हसल्या. चार वाजता पाठवणीची तयारी झाली आणि आम्हाला वाटलं, सुटलो.

गाडी फुलं लावून उभी. वहिनींचा पदर डोळ्यांना. स्वाती सगळ्यांच्या पाया पडली आणि इकडेतिकडे बघायला लागली. वराकडचे एक म्हातारे म्हणाले, "याही कोठे शेतस?"

त्यांचे व्याही, म्हणजे आमचे वाघचौरे, कुठेच नव्हते. मी हॉलभर शोधलं. शेवटी स्टेजच्या मागे गेलो. फेटा एका स्पीकरवर ठेवलेला, आणि वाघचौरे खाली बसून डीजेच्या वायरी गुंडाळत होते. पंजा आणि कोपर यांच्यात, अगदी व्यवस्थित. डीजेवाला अवघडून बाजूला उभा होता. मुलीच्या बापाला नको कसं म्हणायचं ते त्याला सुचत नसावं.

"वाघचौरे, पाठवणी चाललीय," मी म्हणालो.

"तेच ना," ते मान वर न करता म्हणाले. "आमची ही वेळ गुंडाळायची. इतकी लग्नं वाजवली, पण पाठवणी कधी बघितलीच नाही हो. बाकी सगळं बघून पाठ झालं होतं. आज ते तसंच केलं. बापाने तिथे काय करायचं असतं?"

मला दोन मुलगे. मी काय सांगणार?

तेवढ्यात स्वाती आली. शेल्याची गाठ सुटलेली नव्हती, त्यामुळे मागून नवरदेवही ओढत आला. वायरीच्या ढिगाला पाय लागू नये म्हणून बिचारा एका पायावर थांबला. स्वातीने सगळं पाहिलं. खाली वाकून वायरीचं दुसरं टोक उचललं, पीळ काढून सरळ केलं आणि हळूहळू त्यांच्याकडे सोडत राहिली. वेटोळं पुरं झालं.

मग ती म्हणाली, "बाबा, तिथे काही करायचं नसतं. माझ्याबरोबर गाडीपर्यंत चालायचं फक्त."

वाघचौरेंनी वेटोळं डीजेवाल्याच्या हातात दिलं आणि उठले. फेटा तिथेच राहिला. गाडीपर्यंत ते तिचा हात धरून चालले, आणि तिथे पोचल्यावर सगळ्यांच्या देखत मोठ्याने रडले. लाजले नाहीत, तोंड फिरवलं नाही. स्वातीही रडली. नवरदेवाने दोघांना हवा तेवढा वेळ दिला.

गाडी कोपऱ्यावरून वळली तरी ते त्या दिशेला बघत होते. मग वहिनींकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "बरोबर झालं ना गं?"

वहिनींनी पदराने त्यांचा चेहरा पुसला. म्हणाल्या, "अगदी बरोबर झालं."