कापडाचा नांगर

"मामू, एवढं शिवून द्या, चौघांचे जीव वाचतील," असं म्हणत मोईननं एक चित्र शिलाई मशीनवर ठेवलं आणि इमामसाबनं मशीन थांबवलं. सोलापुरात तीस वर्षं तो ट्रकच्या ताडपत्र्या शिवत होता. त्याची शिवण उसवली तर फार तर कांदा भिजायचा. जीव कुणाचा जात नव्हता.

मोईन त्याचा भाचा, रत्नागिरीकडं मासेमारीच्या मोटरबोटीवर आणखी तिघांबरोबर कामाला. चित्रात कापडाचं माणसाएवढं नरसाळं होतं.

"ह्याला समुद्रातला नांगर म्हणत्यात. वादळात इंजिन बंद पडलं की दोरीला बांधून पुढनं पाण्यात सोडायचा. ह्यो पाण्यानं फुगतो, बोटीला ओढून धरतो, तोंड लाटांकडं ठेवतो. बोट आडवी झाली की उलटलीच."

"कापडाचा नांगर?" इमामसाबची बायको बिबीजान आतून म्हणाली. "फाटला तर?"

त्या दोन शब्दांनी इमामसाबची भूक गेली. त्यानं एका शिवणीवर दुसरी घातली, दुसरीवर तिसरी. जेवता जेवता उठून तो टाके ओढून बघायचा. नरसाळ्याच्या निमुळत्या टोकाला चित्रात वीतभर भोक होतं. भाच्याची चूकच असणार, त्याला वाटलं. पाणी निघून गेल्यावर बोटीला धरणार कोण? त्यानं भोकावर चौपदरी ठिगळ मारलं आणि कुणाला सांगितलं नाही.

"आता उजनी धरणाच्या पाण्यात तपासू," मोईन म्हणाला. "आन् शिवणाऱ्यानं बोटीत बसायचं."

बादलीपेक्षा खोल पाण्याशी इमामसाबचा कधी संबंध आला नव्हता. भाच्यानं आणलेलं नारिंगी लाइफ जॅकेट त्यानं घरातच चढवलं. जेऊरपर्यंतच्या रेल्वे प्रवासात लोक त्याला सरकून जागा देत होते.

दुपारी काठावर पोचले तेव्हा वारा सुटला होता. "लई झकास! अशीच हवा पायजे होती," मोईन खुशीत म्हणाला. बिबीजान जेवणाचा डबा घेऊन काठावर बसली. ओळखीच्या सोमलिंगनं आपली मोटरबोट पार मधोमध नेली आणि इंजिन बंद केलं. बोट आडवी होऊन हेलकावू लागली. इमामसाबनं डोळे मिटले.

मोईननं नरसाळं पाण्यात सोडलं. दोरी ताणली गेली. बोट हळूच वळली आणि लाटांकडं तोंड करून थांबली.

"धरलं! मामू, धरलं!"

"धरलं ना? मग चला घरी."

पण नरसाळं वर येईना. तिघांनी मिळून दोरी ओढली, तरी तसूभर हललं नाही. सोमलिंगनं इंजिन चालू करून बोट वळवली आणि जोर लावला. धूर निघाला, घरघर झाली, इंजिन गप्प झालं.

"असं कसं? मागच्या भोकातनं पाणी निघतं की..." मोईन थबकला. "मामू, भोक कुटं हाय?"

"बुजवलं."

"काय?"

"गळत होतं की रे!"

मोईननं सुरी काढली. इमामसाबनं त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "दोरी कापू नगंस! आडवी झाली तर उलटंल, तूच म्हणलास न्हवं?"

मोईननं समोरून येणाऱ्या लाटांकडं पाहिलं आणि सुरी खिशात घातली. सोमलिंग सिद्धेश्वराला हाका मारत होता. इमामसाब कलमा म्हणत होता आणि मधेच हात पुढं करून दोरी चाचपत होता. असा तासभर गेला.

मग वारा पडला. थंड झालेलं इंजिन कुरकुरत चालू झालं. सोमलिंगनं बोट नरसाळ्यापाशी नेली. मामा पाण्यात पडू नये म्हणून मोईननं त्याचे पाय धरून ठेवले. इमामसाबनं खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून ठिगळ शोधलं आणि दोरा कापायच्या कात्रीनं ते उसवायला घेतलं. ते काही केल्या सुटेना. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःच्या पक्क्या शिलाईला शिव्या देत होता. अखेर ठिगळ सुटलं आणि नरसाळं रिकामं होऊन वर आलं.

तिघं काठावर उतरले. बिबीजान ताडकन उठली.

"काय वो, लाज हाय का न्हाय? हितं वाऱ्यानं माझा डबा उडाला, डोळ्यांत माती गेली. समद्या होड्या नुसत्या थैथै नाचत होत्या. आन् तुमची बोट मातुर एका जागेला, निवांत! तासभर कसल्या गप्पा मारीत बसला होता?"



"निवांत होती?" इमामसाबनं हळूच विचारलं. "खरंच?"

आणि उत्तराची वाट न बघता तो चिखलात मटकन खाली बसला.