शेवंतीच्या शिंका माझ्या नावावर

प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या बाईनं मांजराचं नाक गळतंय म्हणून घाबरायचं? छे! नाक पुसायचं, ऊब द्यायची, झालं!

घाबरायचं होतं ते सासूबाईंना. गावाहून आमच्या बजाजनगरच्या घरी पाऊल टाकताच त्यांनी बजावलं होतं, "घरात तान्हं लेकरू हाय. मांजर आजारी पडलं की पोत्यात घालून वाळूजच्या पल्याड सोडीन!" आणि दुसऱ्याच सकाळी आमची शेवंती पलंगाखालून शिंकली.

लसूण सोलता सोलता आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, थांबल्या. "कोण शिंकलं?"

"मी!" आणि पुराव्यादाखल मी आणखी एक शिंकले.

इथंच फसले! शेवंती एका शिंकेवर थांबणाऱ्यांतली नव्हती. ती खाली 'फुस्स' करायची, की मी वर "आक्छी!" दुपारपर्यंत लग्नाच्या वरातीत लागते तशी फटाक्यांची माळ लागली. शेजारच्या मुनिराभाभी जोशांद्याचा, म्हणजे सर्दीवरच्या युनानी काढ्याचा, पेला घेऊन धावत आल्या. "अय्यो, क्या हाल कर लिये जी!" आत्याबाईंनी ओव्याचा काढा आणला. दोघींनी मला गोधडीत गुंडाळलं आणि माझ्या तान्ह्या चिमीला उचलून भाभी आपल्या घरी घेऊन गेल्या.

"उठायचं नाय!" आत्याबाईंनी दारातच ठाण मांडलं.

म्हणजे मी पलंगावर कैदेत, आणि खरी पेशंट पलंगाखाली!

मी वाकून पाहिलं. सकाळी पाण्यासारखं गळणारं नाक आता पिवळ्या शेंबडानं चोंदलं होतं. कालचं दूध तसंच. उशाशी लपवलेली सुकट तिच्या नाकाशी धरली, तर तिनं तोंड फिरवलं. शेवंतीनं सुकट नाकारावी? मग ती मान लांब करून, तोंड उघडून धापा टाकायला लागली. मांजर असा श्वास घेत नाही! माझी पदवी तिथंच गळून पडली.

"आत्याबाई, रिक्षा बोलवा! शेवंती मरतेय!"

आत्याबाईंनी मांजराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "व्हय का? म्हंजी हिनंच तुला लावलं! आता लेकराला लावंल!"

"आधी डॉक्टर!"

"चल. माणसाला लागतंय म्हणली डॉक्टरीण, की तिथूनच सोडायची!" त्यांनी पोतं काखेत मारलं.

रिक्षात शेवंती माझ्या ओढणीत घरघरत होती. उस्मानपुऱ्यातला जनावरांचा दवाखाना एवढा लांब कधी गेला होता, देव जाणे!

डॉक्टरीणबाईंनी नाक साफ केलं, इंजेक्शन दिलं. "नाक चोंदलं की वास येत नाही, म्हणून खात नाही. पिवळा शेंबूड आणि खाणं बंद दिसलं की त्याच दिवशी आणायचं. तोंडानं श्वास घेतला तर धावतच! माणसांची गोळी तर दिली नाही ना? त्यानं मांजरं दगावतात."

"नाही, नाही!"

"मग वाचेल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण आत्याबाई पुढं सरकल्या. "ते ऱ्हाऊ द्या. माणसाला लागतंय का?"

"नाही हो. ही सर्दी मांजरांमांजरांतलीच."

"कशाची? माझ्या सुनेला बघा! सकाळपासून शिंकून शिंकून बेजार झाली!"

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. आत्याबाईंनी पोत्याची घडी उलगडली.

"मला काहीच झालं नाही!" मी ओरडले. "शिंका तिच्याच होत्या! मी फक्त वरून..."

तेवढ्यात शेवंती शिंकली. आणि सवयीनं मीही!

आत्याबाईंनी पोतं झटकलं. त्यांनी ते टेबलावर अंथरलं, शेवंतीला गुंडाळलं आणि छातीशी धरलं. "वारा लागंल तिला. चल घरी."

आता शेवंती आत्याबाईंच्या गोधडीत असते. तिला कोमट रस्सा बोटानं चाटवतात, नाक कापसानं पुसतात. आणि मला? काल खरोखरच सर्दी झाली हो! कशीबशी दोनदा शिंकले, तर आतून आवाज आला, "बास झाली नाटकं! भाकरी टाक!"