सुभेदार आप्पांची कात्री

मुलीच्या साखरपुड्यासाठी मी अकरा चिठ्ठ्या बायकोच्या शालूखाली दडवून ठेवल्या होत्या. ऐन वेळी काढल्या, तर अकराही मेलेल्या. वाढायला एकही शेजारी बोलावता येईना. नव्या व्याह्यांसमोर मीच आमटीची बादली घेऊन धावलो.

चिठ्ठ्या सुभेदार आप्पांच्या. फौजेतून निवृत्त होऊन आटपाडीहून आमच्या सांगलीच्या कॉलनीत आलेले हे गृहस्थ. त्यांची योजना अशी: दर महिन्याला आप्पा घरोघर नव्या चिठ्ठ्या वाटणार; चिठ्ठी दिली की शेजाऱ्यानं तुमचं तासभर काम करायचं आणि तीच चिठ्ठी पुढं स्वतःच्या कामाला वापरायची. मात्र दर रविवारी सकाळी आप्पा कात्री घेऊन दारोदार फिरणार आणि प्रत्येक चिठ्ठीचा एक कोपरा कापणार. कोपरा गेला, पाव तास गेला. चार रविवारांत चिठ्ठी खलास. मी कात्रीपासून लपवल्या खऱ्या, पण मागच्या बाजूला मुदतीची तारीख असते, हे माझ्यासारख्या गणिताच्या मास्तराला दिसलंच नव्हतं.

“साठवलं की सडलं! हलवा, हलवा!” आप्पा परेडच्या आवाजात ओरडायचे.

कॉलनी हलली, पण भलतीच. शनिवारी संध्याकाळी, कोपरा जायच्या आत, प्रत्येकाला काम करून घ्यायचं असे. करायला कुणी नसे. कुलकर्णीकाकू पुसलेलेच पंखे पुन्हा पुसायला माणूस शोधत. बेल वाजली की मी न्हाणीघरात. शेवटी सगळे आप्पांना हाक मारत. ते खुशीत येत, पंखे पुसत, चहा पीत आणि मरायला टेकलेली चिठ्ठी खिशात घालत.

वैतागून लोकांनी बैठकीत योजना बंद करायचं ठरवलं. सांगायला पाठवलं मला.

आप्पा टेबलाशी बसून स्वतःच्याच चिठ्ठ्यांचे कोपरे कापत होते. हा ढीग!

“एखादी खर्चायची तरी, आप्पा.”

“आवं मास्तर, मी कुणाकडनं काय करून घिऊ? एक ताट, एक बनियन. ही गेल्यापासनं दाराची कडी कोण वाजवत न्हवतं. आता शनवारी चार घरनं बोलावणं येतंय. चा घ्या म्हणत्यात.” मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, “बंद करताय न्हवं?”

मी मान डोलावली.

“हुकूम हाय तर हाय,” म्हणत त्यांनी कात्री कप्प्यात ठेवली आणि कप्पा दोनदा दाबून बंद केला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

“शनिवारी आपला नळ गळतोय म्हणून सांगून या त्यांना.”

“कुठं गळतोय?”

“गळेल हो. साडेबाराला या म्हणावं, जेवायच्या वेळेला.”