चाळीसच्या आत

आमच्या इमारतीतले शेळकेकाका कपडे वाळले की नाही, हे चावून पाहतात.

मी थट्टा करत नाहीये. टॉवेलाची कड ते पुढच्या दातांत धरतात, डोळे मिटून हलकेच चावतात आणि निकाल देतात, "ओल हाये अजून." टॉवेल कोणाचा आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. माझ्या नवऱ्याचा बनियन त्यांच्या दातांत पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मी जिन्यातच मटकन खाली बसले होते.

दोष तसा त्यांचा नाही. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत काकांनी तीसेक वर्षं ड्रायरवर काढली. तो ड्रायर म्हणजे बी सुकवायचा, खोलीएवढा. शेतातून आलेला मका गरम हवेवर सुकवायचा, यंत्राने ओल मोजायची आणि यंत्र खरं बोलतंय का, ते दाणा चावून ठरवायचं. दाणा कट्‌कन वाजला की माल पास. काका निवृत्त झाले, पण दातांना कोणी ते कळवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरी कपडे वाळवायचा विजेचा ड्रायर आला. पुण्याच्या मुलाने घर बदललं, नव्या घरात मशीन मावेना, म्हणून त्याने इकडे पाठवून दिलं, असं काका सगळ्यांना सांगायचे. आता जालन्यात ड्रायर! जिथे मे महिन्यात बादलीतून काढलेला रुमाल दोरीपर्यंत नेईस्तोवर वाळतो, तिथे!

"काका, कशाला हवंय हे?" मी विचारलं होतं.

"मिलची काजळी बसते ताई गच्चीवर. कपडे खराब होऊन राह्यले."

काजळी बसते हे खरं आहे. पण ती काय आज बसायला लागली? आम्ही कपडे झटकतो आणि घालतो.

तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला आमची बेल वाजते. मी डबे भरत असते, एक हात पिठात, आणि दारात काका प्लॅस्टिकची टोपली घेऊन उभे. "ताई, ओले कपडे हायेत का?" नाही म्हटलं की माणूस असा कोमेजतो की मी न्हाणीघरातून काहीतरी शोधून आणतेच. वरच्या मिसाळवहिनी आणि जोशीबाई यांच्याकडेही हीच फेरी. म्हाताऱ्याचा वेळ जातो, जाऊ द्या, असं आम्ही तिघींनी ठरवून टाकलं होतं. आपण फार उदार आहोत, असंही मला वाटायचं.

टोपली खाली गेली की प्रत्येक घराच्या कपड्यांना दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधली जाते. बियाण्याच्या पोत्याला बांधतात तशीच. 'लॉट नंबर ७. सुती. देशपांडे.' एकदा मी ती न काढताच साडी नेसले आणि दिवसभर ऑफिसात लॉट नंबर सात म्हणून वावरले.

मशीनला जास्त उष्णतेचं बटण आहे. त्यावर काकांनी चिकटपट्टी लावून टाकलीय. चाळीस डिग्रीच्या वर ते जाऊच देत नाहीत. कारण चाळीसच्या वर बियाण्याचा जीव जातो.

"अहो काका, हा परकर आहे. तो कुठे पेरायचाय?"

"पेरा नका पेरू. उगवणशक्ती टिकली पाहिजे."

अशा रीतीने, गच्चीवर पंधरा मिनिटांत वाळला असता तो परकर उगवणशक्तीसकट चार तासांनी घरी येतो.

मशीनची निगा मात्र बघत राहावी अशी. दर घाण्यानंतर ते जाळी काढतात, तिच्यावर जमलेलं कपड्यांचं तूस बोटाने गोळा करतात आणि उजेडात धरून बघतात. "तुमच्या साहेबांचा टॉवेल लई झडून राह्यला, बदला." "मिसाळबाईंच्या लॉटमंदी चार टिकल्या निघाल्या." गरम हवेचा पाइप आठवड्याला ब्रशने साफ होतो. फडताळात जादा हीटर आणून ठेवलाय. एवढी काळजी त्यांनी स्वतःच्या रक्तदाबाचीही घेतली नसेल.

"आणि पडलंच बंद तर?" मी एकदा चिडवलं.

काका हसले नाहीत. "पडायचंच न्हाई," म्हणाले. "मशीन बंद पडून कसं चालंल?"

शेळकेकाकू पूर्वी पायरीवर बसून आख्ख्या गल्लीशी गप्पा मारायच्या. त्यांचं हसणं गच्चीवर ऐकू यायचं. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि त्या आतल्या खोलीत पडून राहिल्या. काकाच सगळं करतात. आम्ही अधूनमधून भाजी नेऊन देतो, दारातूनच विचारपूस करतो. काका कुणाला आत फारसं नेत नाहीत.

मेमधल्या एका शनिवारी बेल वाजली नाही. आठ वाजले, नऊ वाजले. दोन वर्षं ज्या बेलवर मी करवादत होते, ती वाजली नाही म्हणून माझंच कामात लक्ष लागेना. शेवटी मीच टोपलीभर कपडे घेऊन खाली गेले.

दार लोटलेलं होतं. काका मशीनचा बाजूचा पत्रा काढून जमिनीवर बसले होते. मोटर गुरगुरत होती आणि काका दोन्ही हातांनी ड्रम फिरवत होते. घामाने सदरा अंगाला चिकटला होता. शेजारी तीन जाडजूड पट्टे पडलेले.

"काल दुपारी पट्टा तुटला, ताई. एमआयडीसीत जाऊन आलो. समदे जाडे पट्टे हायेत, याला पातळ चपटा लागतो. पोरानं पुण्यावरनं पाठवलाय, पण यायला चार दिवस लागतील." मग माझ्या टोपलीकडे पाहून म्हणाले, "आज तुमचा लॉट घेत न्हाई."

काकांनी ओला कपडा नाकारला! मी घाबरलेच. तेवढ्यात मला बादली दिसली. तिच्यात धुतलेल्या चादरी होत्या. पाच-सहा, सगळ्या एकसारख्या, फिकट निळ्या.

"हात काय दुखवून घेताय काका? बाहेर ऊन बघा केवढंय. द्या, मी टाकते गच्चीवर." मी बादलीला हात घातला.

त्यांनी ती दोन्ही हातांनी ओढून घेतली. "न्हाई. बिलकुल न्हाई."

आतून काकूंचा जड आवाज आला, "कोन हाये?"

"कोणी न्हाई. ताई आल्यात, देशपांडेताई." मग माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाले, "तिला कळत न्हाई आता, ताई. दिवसाला पाच-सहा चादरी ओल्या होतात. आजारी पडली तवा एकच बोलली माह्याजवळ. माह्या चादरी दोरीवर घालू नका म्हणली, आख्खी गल्ली मोजंल. मंग पोराकडून हे मशीन मागून घेतलं. मावत न्हाई वगैरे मीच सांगत आल्तो."

"आणि आमचे कपडे?"

"दोघांच्या घरात दिवसभर मशीन चाललं, तर लोक विचारतील का न्हाई, एवढं काय वाळवून राह्यले म्हणून? तुमचं धुणं असलं की कोणाला काही वाटत न्हाई."

मला माझी लाज वाटली. दोन वर्षं मी या माणसावर मेहेरबानी करत होते म्हणे!

मी वर आले, जिन्यात उभी राहिले आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "मिसाळवहिनी, आमच्याकडे ढेकूण झालेत हो! चादरी भरल्यात नुसत्या! भिंतीतून तुमच्याकडेही आले असतील!"

"बाई बाई बाई! मंग काहून सांगितलं न्हाई जल्दी?" वहिनींनी आधी स्वतःच्या गाद्या उलटवल्या, मग जोशींना उठवलं, मग समोरच्या घराला. तासाभरात गच्चीवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. फुलाफुलांच्या, रेघारेघांच्या, फाटक्या, नव्या, नुसत्या चादरीच चादरी. मग खाली जाऊन मी काकांना गच्ची भरल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी बादली सोडली. माझ्या चादरींखाली लपवून मी ती वर नेली आणि जोशींच्या फुलांच्या आणि माझ्या पिवळ्या चादरींमध्ये सहा निळ्या चादरी टाकून दिल्या. कोण मोजणार?

थोड्या वेळाने काका वर आले. दोन वर्षांत ते गच्चीवर आले नव्हते. पहिल्या दोरीपासून त्यांनी सुरुवात केली. कड दातांत, डोळे बंद.

"माझी झाली का काका?" वहिनींनी विचारलं. ढेकणांच्या भीतीने त्या चार हात लांब उभ्या होत्या.

"ओल बारा टक्के. माल पास. भरा पोत्यात."

निळ्या चादरींपाशी ते थांबले. कड हातात घेतली, पण चावली नाही. नाकाशी धरली.

"उन्हाचा वास येऊन राह्यला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "लई आवडायचा तिला. वळखंल ती."

पट्टा येईपर्यंत चार दिवस मी ढेकूण जिवंत ठेवले. रोज सकाळी जिन्यात नवी आवई. अजूनही आमच्याकडे कोणी आलं तर खुर्चीच्या कडेवर टेकतं, आणि मिसाळवहिनी तर उभ्यानेच बोलून जातात.

पाचव्या दिवशी साडेसातला बेल वाजली. दारात काका, हातात टोपली.

"ताई, ओले कपडे हायेत का?"

घरात एकही ओला कपडा नव्हता. "आणते," म्हणून मी आत गेले, घडी घातलेले दोन कोरडे टॉवेल नळाखाली धरले आणि तसेच टोपलीत टाकले. टोपलीतून पाणी गळत होतं. काकांनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून चिठ्ठी काढली.

"लई ओल हाये यात," म्हणाले. "येळ लागंल, ताई."

"लागू द्या काका," मी म्हटलं. "चाळीसच्या आतच ठेवा."