बाबूमामांची घंटी

बाबूमामांच्या खिशात पेन नसतं, घंटी असते. सायकलची! आईला अर्धांगवायूचा झटका आल्यावर मी तिला पहिल्यांदा व्यायामाच्या केंद्रात नेलं. दुपारी डबा उघडला, वरणभाताचा घास तिच्या तोंडाशी नेला, तोच कानाशी 'टिंग!'

"थांबा! सिंगल बेल हाय!"

वळून बघते तर खाकी शर्टातला एक मिशीवाला. ना डॉक्टर, ना कुणाचा नातलग. उभा जन्म गगनबावड्याच्या एसटीत कंडक्टर. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या. निवृत्त झाले, पण गाडीतून काही उतरले नाहीत.

"ताई, घास कुणाच्या हातात हाय?"

"माझ्या."

"मग हात कुणाचा सुदारणार? तुमचाच की!"

असा संताप आला म्हणता! आई माझी, डबा माझा, या बाबाचं काय जातंय? पण फिजिओच्या मॅडम हसून म्हणाल्या, "बरोबर बोलतायत ते."

मॅडम शिकवायच्या आणि मामा आमच्याकडून घोटून घ्यायचे. एकदा तर त्यांनी सगळ्या नातेवाइकांचे उजवे हात पंच्यांनी अंगाशी बांधले. "घाला आता शर्ट!" शिरोळचे एक धिप्पाड पावणे बाहीत डोकं अडकवून बसले. "आवं पावणं, दुबळा हात आदी, चांगला मागनं! पेशंटवर वरडायच्या आदी सोता शिका!" आम्ही पोट धरून हसलो. आईसुद्धा हसली, अर्ध्या तोंडानं. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

आईचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता, आपल्या हातानं जेवायचं. जन्मभर दुसऱ्यांना वाढलेली बाई ती. माझ्या हातचा घास घेताना डोळे मिटून घ्यायची. मामांनी चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून तो जाड करून दिला. तरी चमचा पडायचा. मी हात पुढे केला की टिंग! "माया आवरा, ताई."

गेल्या सोमवारी चमचा तोंडापर्यंत पोचला! निम्मा भात पदरात सांडला, पण पोचला! टिंग टिंग! टिंग टिंग! सगळा हॉल टाळ्या पिटायला लागला. "सुटली गाडी!" मामा ओरडले. आई रडली, मीही रडले.

संध्याकाळी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. आत खुर्चीत मामी बसलेल्या. उजवी बाजू दुबळी, वाचा गेलेली. या माणसानं आमच्यापुढं कधी अवाक्षर काढलं नव्हतं! मामा दुधाचा पेला त्यांच्या ओठांशी नेत होते.

टिंग!

मामींच्या खुर्चीच्या डाव्या हाताला तसलीच घंटी बसवलेली होती. मामांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. मला बघून ओशाळले.

"पयलं वरीसभर हिला पाण्याचा पेलाबी उचलू दिला न्हाय मी. लई माया केली, ताई. हात तसाच ऱ्हायला. बोलाय येत न्हाय, म्हणून हाक माराय घंटी दिली, तर ही मलाच थांबवाय लागली. सारं हिनंच शिकीवलं बगा. तरी माझा हात जातोयच पुढं."

मामींनी उजव्या हाताची बोटं पेल्याभोवती लावली. डाव्या हाताचा आधार दिला. दूध हिंदकळलं, थोडं लुगड्यावर सांडलं. मामांनी आपले दोन्ही हात मांडीखाली गच्च दाबून धरले.

पेला ओठांना लागला. मामी सावकाश प्याल्या, पेला खाली ठेवला, मामांकडे बघितलं आणि दोनदा घंटी वाजवली.