उतरती रेघ सर्वानुमते मंजूर

हवामान-अंदाज विभागाच्या बैठकीत त्या दिवशी तापमानाच्या आलेखावरच्या तीन रेघा मंजुरीसाठी ठेवण्यात आल्या. धूर असाच वाढत राहिला तर पृथ्वी किती तापेल, ही पहिली. धूर आज थांबला तर, ही दुसरी. आणि सोडलेला कार्बन हवेतून परत ओढून घेतला तर, ही तिसरी. संगणकावर त्या मीच काढल्या होत्या. किनाऱ्यावरच्या वस्तीला भिंत बांधायची की नाही, हे त्यावरून ठरणार होतं आणि त्या वस्तीत माझी धाकटी बहीण राहते. त्यामुळे माझा जीव टांगणीला लागला होता.

"पहिली फारच निराशाजनक आहे," साहेब म्हणाले.

"साहेब, सध्या तीच चालू आहे."

"म्हणूनच नको. आणि ही दुसरी? धूर थांबवूनही ताप उतरत नाही?"

"आणखी चढत नाही, साहेब."

"एवढ्यासाठी लोकांनी गाड्या सोडायच्या? छे! ही तिसरी बघा, कशी लेकीसारखी गुणी. उतरते."

"उतरते, पण समुद्र तरीही पुढची कित्येक वर्षं चढतच राहतो. तापलेलं पाणी लगेच निवत नाही, वितळलेला बर्फ लगेच गोठत नाही. भिंत तिन्हींत लागते."

"समुद्र दुसऱ्या खात्याकडे आहे," साहेब म्हणाले आणि तिसरी मंजूर झाली.

मग कायदा सल्लागार उठले. तिसरी रेघ मंजूर, म्हणजे कार्बन कमी झाला असे मानण्यात यावे. कमी झाला, म्हणजे भिंत हा अपव्यय. शिवाय हवेत जागा रिकामी झाली, तेव्हा कोळशाच्या दोन नव्या वीजकेंद्रांना परवानगी देण्यास हरकत नसावी. गच्चीवरचा तापमापक मात्र मंजुरी न जुमानता चढतच होता. त्याची बदली साहेबांच्या वातानुकूलित खोलीत झाली. तिथे तो लगेच सुधारला.

मी हात टेकले. शेवटची आशा वस्तीतल्या जनसुनावणीची होती. लोक गुडघाभर पाण्यातून सभागृहात आले. म्हटलं, आता साहेबांची खैर नाही!

साहेबांनी तिन्ही रेघा दाखवल्यावर एका म्हाताऱ्याने विचारलं, "साहेब, या तिसरीत आम्हाला काय करावं लागेल?"

"काहीच नाही. कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी यंत्राने ओढून घेईल."

सभागृहभर हात वर झाले. सगळ्यांत उंच हात माझ्या बहिणीचा.

मी तिच्यावर ओरडलोच. "अगं, तुझ्या स्वयंपाकघरात पाणी शिरलंय! भिंत माग, भिंत!"

"माहितीय रे दादा. रोज मीच उपसते ना! पण दुसरीत गाडी सोडायला सांगतात. पोरांना शाळेत काय खांद्यावर नेऊ?"

ठराव सर्वानुमते संमत झाला. भिंत रद्द झाली. बहीण ओली चप्पल हातात घेऊन घरी गेली, आणि मला तिचा इतका राग आला की रडू यायचंच बाकी होतं.

तुम्ही हसताय? हसा. पण आधी तो वर केलेला हात खाली घ्या.